जुनं कर्नल ताजं कसं राहतं?

प्रश्न : माझी मुलगी सर्व्हर सांभाळते. तिच्याकडे लिनक्सचं ६.१ कर्नल आहे आणि त्यावर केव्हीएमच्या जोरावर बरीच आभासी यंत्रं चालतात. ६.१ तर २०२२ सालचं. विचारलं, तर म्हणते, "बाबा, जुनं आहे, पण त्यात दुरुस्त्या सारख्या येतात." जुनंही आणि सारखं बदलणारंही, हे कसं काय? आणि नवं लिहिणारेच जुनं सांभाळत बसले, तर नवं होतं कधी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. ६.१ नंतर ६.१.१, ६.१.२ अशा आवृत्त्या निघत गेल्या. तिसरा आकडा ही दुरुस्तीची खेप. तिच्यात नवी सोय सहसा येत नाही, येतात त्या सापडलेल्या चुकांवरच्या दुरुस्त्या.

केव्हीएमची गोष्ट थोडी मागून सांगतो. इस्रायलमधल्या क्युमरानेट कंपनीत अवी किविटी यांनी ते लिहिलं आणि २००६च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. २००७च्या फेब्रुवारीत २.६.२० कर्नलमध्ये ते दाखलही झालं. त्यानंतर लवकरच, २.६.२२ मध्ये, एक फार मोलाचा निर्णय झाला : केव्हीएम आणि ते वापरणारे क्यूईएमयूसारखे प्रोग्रॅम यांच्यातला व्यवहार यापुढे मोडायचा नाही. प्रोग्रॅम केव्हीएमला आवृत्ती विचारतो, उत्तर येतं १२. आजही १२च. नवी सोय आली की प्रोग्रॅमने तिच्याबद्दल वेगळं विचारायचं, 'ही आहे का तुझ्याकडे?' दार असं पक्कं असल्यामुळेच आतलं घर बिनधास्त पाडून बांधता येतं.

आता शाखांकडे, म्हणजे एकाच कोडच्या समांतर चालणाऱ्या प्रतींकडे. केव्हीएमच्या मुख्य भांडारात चालू आवृत्तीच्या दुरुस्त्या 'मास्टर'मध्ये जातात आणि पुढच्या आवृत्तीचं काम 'नेक्स्ट'मध्ये. चाचणीतून जायचं असलेलं काम 'क्यू'मध्ये थांबतं. लिनक्सचं नवं कर्नल साधारण ९-१० आठवड्यांनी निघतं. त्यातले पहिले २ आठवडे नव्या कामाला दार उघडं, नंतर फक्त दुरुस्त्या. इंटेल-एएमडीच्या यंत्रांसाठीचं काम तर आणखी बारीक, विषयवार शाखांमध्ये वाटलेलं असतं. एका विषयात घोटाळा निघाला, तर तेवढीच शाखा मागे राहते, बाकीच्यांची गाडी अडत नाही.

पूर्वी असं नव्हतं. दुसरा आकडा सम असेल तर कर्नल स्थिर, विषम असेल तर प्रयोगाचं. २.५चे प्रयोग सुरू होऊन २.६ हाती यायला २ वर्षं गेली, आणि तोवर लोक नव्या सोयींची वाट बघत होते. २.६ नंतर ही पद्धत सुटली. २००५ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी २.६.११ पासून आजची 'स्टेबल' शाखा सुरू केली. तिचा मुख्य नियम असा : दुरुस्ती आधी लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या मूळ झाडात, म्हणजे मुख्य कोडमध्ये, आली पाहिजे, मगच ती मागे न्यायची. उलटं केलं, तर जुन्यात बुजवलेलं भोक नव्यात उघडंच राहील आणि वापरणारा नव्या आवृत्तीवर गेला की तीच चूक त्याच्या पुढ्यात येईल. शिवाय दुरुस्ती खऱ्याखुऱ्या चुकीवरची हवी, आणि आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींच्या आत.

खरी कसोटी पुढे लागते. केव्हीएममध्ये पाहुण्या यंत्राची मेमरी सांभाळणाऱ्या भागाला एक कुलूप आहे. इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर ५.१२ पासून त्याची जात बदलली. पूर्वी एका वेळी एकच जण आत जायचा, आता वाचणारे अनेक जण एकत्र जाऊ शकतात. ५.१० मध्ये मात्र जुनंच कुलूप. आजची दुरुस्ती नवं कुलूप गृहीत धरून लिहिली असेल, तर ५.१० मध्ये ती जशीच्या तशी चालणार नाही. दुरुस्तीचा तुकडा, म्हणजे पॅच, बसलाच नाही, तर निदान कळतं : तसा निरोप लेखकाकडे जातो आणि तो जुन्या कोडसाठी वेगळी दुरुस्ती लिहितो. पॅच नीट बसला, पण भोवतालचं कोड वेगळं असल्याने चुकीचं वागला, तर ते जास्त घातक. एका यजमान यंत्रावर दहा जणांची कामं चालतात, ती सगळी एकदम झोपतात. म्हणून केव्हीएमच्या इंटेल-एएमडी विभागाने स्पष्ट सांगून ठेवलंय की 'ही अमुक चुकीवरची दुरुस्ती' एवढी खूण दिसली म्हणून पॅच आपोआप मागे नेऊ नका. स्टेबलसाठी वेगळी खूण असेल तरच न्या, किंवा आम्हाला विचारा. मला हे मनापासून पटतं. काय मागे न्यायचं नाही, हे ठरवायला कोड अंगवळणी पडलेला माणूसच लागतो.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तरही यातच आलं. स्टेबल शाखा सांभाळणारे वेगळे, केव्हीएम लिहिणारे वेगळे. लिहिणाऱ्याने खूण करायची आणि अडलं तर हात द्यायचा.

मुलीला सांगा, ६.१च्या एखाद्या खेपेची बदलांची यादी उघड आणि केव्हीएमची एखादी नोंद काढ. तिच्या सुरुवातीलाच मूळ झाडातल्या दुरुस्तीचा क्रमांक दिलेला असतो. तो धरून गेलं की चूक कशी घडत होती, हे लिहिणाऱ्याच्याच शब्दांत वाचायला मिळतं.