इमारतीचे खालचे दार लागत नसेल तर

भाड्याच्या घरात आपल्या खोलीचे कुलूप अडले, तर त्याच दिवशी चावीवाला येतो. जिन्याच्या तोंडाशी असलेले सामाईक दार मात्र लागेनासे झाले की त्याला वीट टेकवली जाते आणि ते तसेच राहते. पेण आणि रोह्यात हे परवडणारे नाही. रोह्यात धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारी माणसे रात्री-अपरात्री घरी येतात. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांत हंगामापुरते आलेले कारागीर खोल्या घेऊन राहतात. एकाच जिन्यातली माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतीलच असे नाही, त्यामुळे अनोळखी माणूस आत आला तरी त्याला कोणी हटकत नाही. म्हणून हे दार दुरुस्त करण्याची रीत प्रत्येक भाडेकरूला माहीत असावी.

हाताशी काय हवे

टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, खडू किंवा ओले कुंकू, मऊ शिशाची पेन्सिल किंवा ग्रॅफाइटची पूड, बारीक कानस, फोटो काढता येईल असा फोन आणि शक्य असेल तर कुलपाबरोबर आलेली मूळ चावी.

1. आधी आजच्या रात्रीची सोय

दार लागत नाही हे कळताच इमारतीतल्या सगळ्यांना कळवा. रात्री आतून कडी लावायची ठरली, तर उशिरा येणाऱ्यांनी कोणाला फोन करायचा हेही त्याच वेळी ठरवा. जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. चॅनल गेटला आतून टाळे ठोकून चावी एकाच घरात ठेवू नका. रात्री आग लागली, कोणाच्या छातीत दुखू लागले, तर ती चावी शोधण्यात जाणारी मिनिटे जिवावर बेततात. बाहेर पडण्याचे दार आतल्या माणसाला चावीशिवाय उघडता आले पाहिजे, असे राष्ट्रीय बांधकाम संहिताही सांगते. तात्पुरत्या सोयीलाही हा नियम लागू आहे.

2. दार उघडे ठेवून चावी फिरवा

सगळ्यात उपयोगी तपासणी हीच. दार सताड उघडा आणि चावी फिरवा. जीभ सहज आत-बाहेर होत असेल, तर कुलूप ठीक आहे, दोष दारात किंवा चौकटीत आहे. उघड्या दारातही चावी अडत असेल, तर दोष कुलपात किंवा चावीत आहे. एवढे न पाहता नवे कुलूप आणले, तर पैसे जातात आणि दार होते तसेच राहते.

3. दोष दारात असेल तर

रायगडात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत लाकडी दार फुगते. जे कुलूप मे महिन्यात गुमान लागत होते, ते जुलैत लागत नाही.

जिभेला खडू किंवा ओले कुंकू लावा, दार लोटा आणि पुन्हा उघडा. चौकटीवरच्या पट्टीवर डाग कुठे उमटला ते पाहा. डाग भोकाच्या खाली असेल, तर दार खाली आले आहे. दार हँडलला धरून किंचित उचला. ते हलले, तर बिजागऱ्यांचे स्क्रू सैल आहेत. वरच्या बिजागरीचे स्क्रू आधी आवळा. लाकूड कुजून स्क्रू नुसताच फिरत असेल, तर सुताराकडून जास्त लांबीचे स्क्रू बसवून घ्या. ते स्टेनलेस स्टीलचेच घ्या, कारण खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत लोखंडी स्क्रूला लवकर गंज चढतो. फरक दोन-तीन मिलिमीटरचाच असेल, तर पट्टीचे भोक कानसीने थोडे वाढवले तरी पुरते. भर पावसात दार रंधून घेऊ नका. उन्हाळ्यात ते आटले की फट पडते.

दार आपोआप मिटवणारा हायड्रॉलिक क्लोझर असेल, तर त्याच्यावर बहुधा दोन स्क्रू असतात. एकाने दार मिटण्याचा वेग बदलतो, दुसऱ्याने शेवटच्या टप्प्यातला जोर. पाव-पाव आटा फिरवून पाहा, स्क्रू पूर्ण काढू नका. क्लोझरमधून तेल गळत असेल, तर तो बदलावाच लागतो.

4. दोष कुलपात असेल तर

आधी मूळ चावी लावून पाहा. नेहमीच्या नाइट लॅचमध्ये पितळेच्या बारीक खुंट्या असतात आणि चावीचे दाते त्यांना नेमक्या उंचीवर उचलतात. चावीवरून चावी, तिच्यावरून तिसरी अशी नक्कल होत गेली, की दात्यांतली चूक वाढत जाते. मूळ चावी चालत असेल, तर नव्या चाव्या तिच्यावरूनच करून घ्या.

मूळ चावीही अडत असेल, तर चावीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीचे शिसे घासा आणि ती हळूहळू आत-बाहेर करा. ग्रॅफाइटची पूड असेल तर अधिक चांगले. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल घालू नका. त्यात धूळ चिकटते आणि थंडीत खोबरेल गोठतेही. पेणमध्ये जिथे खाली किंवा शेजारी मूर्तींचा कारखाना आहे, तिथे प्लास्टरची पूड कुलपात जाऊ शकते. ओल लागली की ती आतच घट्ट होते. अशा वेळी सिलिंडर काढून साफ करावा लागतो, ते काम चावीवाल्याचे.

चावी आत मोडली, तर दुसरी चावी घालून तुकडा पुढे ढकलू नका. टोक दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढा, नाहीतर चावीवाल्याला बोलवा.

5. चुंबकी कुलूप असेल तर

नव्या इमारतींत दारावर कार्ड टेकवून उघडणारे चुंबकी कुलूप असते. ते विजेवर धरून राहते, वीज गेली की सुटते. म्हणून आधी अ‍ॅडॉप्टर आणि बॅटरी तपासा. बॅटरी संपलेली असेल, तर वीज गेल्यावर दार कोणालाही उघडते. दारावरची लोखंडी पट्टी जरा हलती असते, आणि ती तशीच असायला हवी. ती करकचून आवळली, तर चुंबकाला सपाट टेकत नाही आणि पकड कमी होते.

6. दुरुस्ती कोणाची, हे ठरवा

घर, चाळ किंवा अख्खी इमारत एकाच मालकाची असेल, तर घरमालकाला कळवा. गृहनिर्माण संस्था असेल, तर सामाईक भागाची देखभाल संस्थेने करायची असते. भाडेकरू संस्थेचा सभासद नसतो, म्हणून आपल्या घरमालकाने सचिवांना लिहावे असा आग्रह धरा आणि त्या पत्राची प्रत मागून घ्या. संस्था अजून स्थापन झाली नसेल, तर घरमालकामार्फत बिल्डरला कळवा.

7. लेखी कळवा

जिन्यात भेटल्यावर सांगितलेले हवेत विरते. लॅचचे आणि चौकटीचे फोटो काढा आणि असा संदेश पाठवा:

“नमस्कार काका. आपल्या इमारतीच्या खालच्या दाराचे लॅच सोमवारपासून लागत नाही. दार उघडे ठेवून चावी नीट फिरते, म्हणजे दार खाली आल्यामुळे जीभ भोकात जात नाही. फोटो सोबत आहेत. सुताराकडून वरची बिजागरी बसवून घ्यावी लागेल. या रविवारपर्यंत काम होईल का, ते कृपया कळवा. चारही भाडेकरूंचे हेच म्हणणे आहे.”

यात दिवस, दोष, उपाय आणि मुदत आहे. सगळ्या भाडेकरूंची नावे खाली असतील, तर त्याला वजन येते.

8. उत्तर आले नाही तर

करारनामा काढून दुरुस्तीचे कलम वाचा. बहुतेकांचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असतो. त्यात दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे कराराप्रमाणे ठरते. ज्यांचे नाते खऱ्या भाडेकरूचे आहे, त्यांच्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधील कलम 14 आहे. करारात वेगळे ठरले नसेल, तर घर राहण्याजोगे ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने दुर्लक्ष केले, तर भाडेकरू किमान 15 दिवसांची नोटीस देऊन, वाजवी मुदतीनंतर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षभरात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पावत्या जपा. करार कोणत्या प्रकारचा आहे हे वकिलाला दाखवल्याशिवाय भाड्यातून एक रुपयाही कापू नका.

9. कुलूप बदलायचेच असेल तर

घरमालकाची लेखी संमती घ्या. आतून मुठीने आणि बाहेरून चावीने उघडणारे लॅच निवडा. जुने कुलूप काढण्याआधी प्रत्येक घराच्या चाव्या तयार ठेवा, एक घरमालकाला द्या आणि कोणाला किती दिल्या ते वहीत लिहून सही घ्या. चावी न देता कुलूप बदलणे म्हणजे शेजाऱ्याला त्याच्याच घराबाहेर ठेवणे. घर सोडणाऱ्याकडून चावी परत घेतल्याशिवाय अनामत रकमेचा हिशेब पूर्ण करू नये, हे घरमालकांनीही पाळावे.

दार तोडल्याच्या खुणा दिसल्या, तर कशालाही हात न लावता 112 वर फोन करा. दुरुस्ती पंचनाम्यानंतर.

10. वर्षातून दोनदा तपासणी

एकदा मे महिन्यात, एकदा दिवाळीच्या आधी. बिजागऱ्यांचे स्क्रू, पट्टी, लॅच, क्लोझर, जिन्यातला दिवा. दोन माणसांना अर्धा तास पुरतो.

तुमच्या इमारतीचे दार आज वीट लावून उघडे असेल, तर ती वीट आजच काढा आणि दार उघडे ठेवून चावी फिरवून पाहा. कोणीतरी करील म्हणून थांबू नका. पहिला संदेश तुम्ही पाठवा, शेजारी सही करतील.