मोटारीच्या पुढच्या दिव्यांचे बल्ब वारंवार कां जळतात?

आपल्या खेड्यापाड्यांत आतां बैलगाडीशेजारीं मोटार, जीप अथवा ट्रॅक्टर उभा दिसणें हें नवल राहिलेलें नाहीं. उसाच्या हंगामांत यांतील पुष्कळशीं वाहनें रात्रभर कारखान्याच्या वाटेवर असतात. त्याच वाटेवर विनादिव्याच्या बैलगाड्या असतात, पाण्याच्या पाळीस निघालेलीं माणसें असतात. अशा अंधारांत एक दिवा गेलेली मोटार दुरून मोटारसायकल भासते, आणि समोरून येणारा तिला तेवढीच वाट सोडतो. म्हणून बल्ब जळणें ही केवळ खर्चाची बाब नसून जिवाची बाब आहे.

तथापि आपला रिवाज असा कीं, बल्ब गेला म्हणजे दुसरा बसवावा, जुना उकिरड्यावर टाकावा, आणि तोही लवकर गेला तर दुकानदारास बोल लावावा. वस्तुतः जळालेला बल्ब हा वाहनांतील दोषाचा साक्षीदार असतो. त्याची साक्ष नोंदल्यावांचून त्याला टाकूं नये, एवढेंच या लेखाचें सांगणें आहे.

प्रथम तासांचा हिशेब

ज्या वाहनांस अद्याप हॅलोजन बल्ब आहेत, त्यांपैकीं बहुतेकांत एच-४ जातीचा, १२ व्होल्टांचा, ६०/५५ वॅटांचा बल्ब असतो. त्याच्या आंत टंगस्टन धातूची बारीक तार तापून उजेड देते. तापतांना तारेचे कण झिजून उडतात; बल्बांतील हॅलोजन वायु त्यांतील बरेचसे पुन्हां तारेवर आणून सोडतो. तरीही अशा बल्बाचें आयुष्य कांहीं शें तासांचेंच असतें. जो मनुष्य रोज रात्रीं ८ तास वाहन चालवितो, त्याचे महिन्यास २४० तास भरतात. त्याचा बल्ब दोन-तीन महिन्यांत गेला तर तो आपलें आयुष्य भोगून गेला असें समजावें. परंतु आठवड्यांतून एकदां रात्रीं बाजारास जाणाऱ्या मोटारीचा बल्ब तितक्याच काळांत गेला, तर मात्र चौकशी अवश्य करावी.

जळालेल्या बल्बाचा पंचनामा

बल्ब थंड झाल्यावर बाहेर काढून उजेडांत निरखून पाहावा.

१. काच स्वच्छ असून तार मध्येंच तुटली असेल व तुटलेलीं टोकें वितळलेलीं नसतील, तर हादरे हें कारण संभवतें. दिव्याची चौकट, तिचे स्क्रू व बल्बाची स्प्रिंग पाहावी. ट्रॅक्टरावर ही तक्रार विशेष आढळते.

२. तारेच्या टोकांस वितळून गोळी आली असेल किंवा काच आंतून काळवंडली असेल, तर तार झिजून गेली, अथवा विजेचा दाब अधिक झाला. तास थोडे भरले असतील तर दाबाचाच संशय घ्यावा.

३. आंत पांढरट किंवा पिवळसर भुकटी दिसली, तर बल्बांत हवा शिरली असें जाणावें. तापलेल्या काचेवर पाणी पडून तडा गेला असण्याचा संभव आहे. दिव्यामागील रबरी टोपण फाटलें आहे काय, तें पाहावें.

४. काचेस फोडासारखा फुगवटा आला असेल, तर बसवितांना तिला तेलकट हात लागला असावा.

विजेचा दाब

दाब शेंकडा ५ वाढला, तर उजेड सुमारें शेंकडा १८ वाढतो, परंतु बल्बाचें आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें. दाब शेंकडा १० वाढला, तर आयुष्य तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरतें. म्हणून मिस्त्रीकडून मीटर लावून दाब मोजून घ्यावा. इंजिन बंद असतां पूर्ण भरलेल्या बॅटरीवर तो १२.६ व्होल्टांच्या आसपास असतो. इंजिन जरा वेगानें चालू ठेवल्यावर तो साधारणतः १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरच्या रेग्युलेटरांत बिघाड आहे. तो दुरुस्त केल्यावांचून कितीही बल्ब बदलले तरी व्यर्थ होय. बॅटरीचे खांब गंजलेले किंवा सैल असल्यासही दाब एकाएकीं उसळतो. ते घासून घट्ट करावे; आणि इंजिन चालू असतां बॅटरीची तार कधींही सोडूं नये.

बसविण्याची रीत

नवा बल्ब पितळी बुडाशीं धरावा. काचेस बोट लावूं नये. बोटांवरील तेल व मीठ काचेवर राहतें, त्या जागीं काच अधिक तापून कमजोर होते. चुकून हात लागलाच, तर स्पिरिटमध्यें भिजविलेल्या स्वच्छ फडक्यानें पुसून, पूर्ण वाळवून मगच बसवावा. होल्डर काळा पडला किंवा वितळला असल्यास तोही बदलावा. सैल जोडणींत दिवा लुकलुकतो. थंड तारेंतून प्रत्येक वेळीं प्रथम कित्येक पट प्रवाह धांवतो, व त्या धक्क्यांनीं ती लवकर तुटते.

अधिक वॅटांचा मोह

उजेड पिवळा पडला कीं कित्येकजण १००/९० वॅटांचा बल्ब घालतात. ६० वॅटांस ५ अँपियर प्रवाह लागतो, १०० वॅटांस ८ हून अधिक. मूळच्या तारा तेवढ्यासाठीं केलेल्या नसतात. त्या तापतात व होल्डर जळतो. शिवाय समोरच्या गाडीवानाचे डोळे दिपतात तें वेगळेंच. हॅलोजनसाठीं घडविलेल्या डुमांत एलईडी बल्ब घातल्यानेंही उजेड भलतीकडे फांकतो. पिवळेपणाचें कारण बहुधा गंजलेल्या जोडणींत किंवा मळलेल्या डुमांत असतें. तें प्रथम दूर करावें.

नोंदवही

प्रत्येक वाहनाची एक लहान वही ठेवावी व तींत पांच रकाने आखावे : बल्ब बसविल्याची तारीख, डावा कीं उजवा, अंदाजें किती तास चालला, काढतांना काय दिसलें, आणि मोजलेला दाब. तीन-चार नोंदी झाल्या कीं दोष आपण होऊन पुढें येतो. नेहमीं एकाच बाजूचा बल्ब जात असेल तर दोष त्या बाजूच्या होल्डरांत, टोपणांत वा चौकटींत असतो. दोन्ही बाजूंचे थोड्याच तासांत जात असतील तर दाबांत असतो. ही वही मिस्त्रीपुढें ठेवावी, म्हणजे त्याचा वेळ व आपला पैसा वांचेल. आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीं एक चांगला बल्ब व एक स्वच्छ फडकें गाडीच्या खणांत ठेवण्यास विसरूं नये. कारण दिवा जाण्याची वेळ बहुधा मध्यरात्रीची असते, आणि त्या वेळीं दुकान उघडें नसतें.