‘बयिथ’ : घर की घराणे?

शास्त्रपाठ : २ शमुवेल ७:१-२९

इब्री भाषेत घराला ‘बयिथ’ म्हणतात. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर, बेथेल म्हणजे देवाचे घर, हे वाचकांस ठाऊक आहेच. परंतु या शब्दाचा पल्ला भिंती व छपरापुरता नाही. निवासमंडपाच्या अडसरांसाठी केलेल्या सोन्याच्या कड्यांनाही मुळात अडसरांची ‘घरे’ म्हटले आहे (निर्गम २६:२९). आपणही बुद्धिबळाच्या पटावरची घरे मोजतोच की!

या शब्दाचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग आपल्या शास्त्रपाठात आहे. दावीद गंधसरूच्या घरात राहत होता आणि देवाचा कोश मात्र तंबूत होता. ही विसंगती त्याला बोचली व परमेश्वरासाठी घर बांधण्याचा त्याने मनोदय केला. नाथानाने तत्काळ होकार दिला. पण त्याच रात्री मिळालेल्या संदेशाने तो त्याला फिरवावा लागला. (संदेष्ट्याचा स्वतःचा अंदाज चुकू शकतो, हे आम्हां उपदेशकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) तू माझे घर बांधायचे नाहीस, मीच तुझे घर उभारीन, असा त्या संदेशाचा आशय. शब्द एकच, दाविदाच्या मनात मंदिर, परमेश्वराच्या मनात वंश. ११व्या वचनात क्रियापद ‘करणे’ हे आहे. दावीद प्रार्थनेत तेच अभिवचन आठवतो तेव्हा, २७व्या वचनात, गवंडीकामाचे ‘बांधणे’ येते.

येथे भाषांतरकाराची पंचाईत होते. ‘चांगले घर पाहून मुलगी दिली’ म्हटले की आपण भिंती पाहत नाही. ‘घर बुडाले’ म्हणजे पूर आला असे कोणी समजत नाही. पण ‘घर बांधले’ म्हणताच विटा आणि चुनाच डोळ्यांपुढे येतो. म्हणून ‘घराणे’ घालावे लागते. अर्थ स्पष्ट होतो. मात्र परमेश्वराने दाविदाचाच शब्द उचलून त्याच्या ओंजळीत परत घातला, हे ऐकू येत नाही. माझा कल ‘घर’ हाच शब्द राखून समासात खुलासा देण्याकडे आहे. मंडळीत मोठ्याने वाचताना समास ऐकू येत नाही, हेही खरे.

१९९३ साली उत्तर इस्राएलातील तेल दान येथे इ.स.पूर्व ९व्या शतकातील अरामी शिलालेखाचा तुकडा सापडला. शत्रुराजाने कोरविलेल्या त्या विजयलेखात ‘दाविदाचे घर’ असे शब्द बहुतेक अभ्यासक वाचतात. शलमोनाने बांधलेले मंदिर बाबेलच्या सैन्याने इ.स.पूर्व ५८६ मध्ये जाळले. नावनिशीसाठी बेथलेहेमास निघालेल्या नासरेथकर योसेफाची ओळख मात्र लूक दाविदाच्या घरचा अशीच करून देतो (लूक २:४).