संमोहन आणि स्मरणशक्ती : समज किती, सत्य किती?



बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की थाटीपुरातल्या भिंतींवर आणि वर्तमानपत्रांतून 'स्मरणशक्ती वाढवा' अशा जाहिराती दिसू लागतात. काहींत संमोहनाचेही नाव असते. काही पालक विचारतात, "सर, मुलाला अशा शिबिरात पाठवावे का?" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी शास्त्र काय म्हणते ते पाहू.

संमोहन म्हणजे काय?

संमोहन म्हणजे जादू नव्हे, झोपही नव्हे. मन एकाग्र करून दुसऱ्याच्या सूचना सहज स्वीकारण्याची ती अवस्था आहे. 1845 साली बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टरांनी याच जातीच्या 'मेस्मेरिझम'च्या साहाय्याने रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या. तेव्हा क्लोरोफॉर्मचा वापर सुरू व्हायचा होता. वेदना आणि भीती कमी करण्यासाठी जाणकार डॉक्टर आजही संमोहनाचा उपयोग करतात. म्हणजे विद्या खोटी नाही. प्रश्न आहे तो स्मृतीचा.

प्रयोग काय सांगतात?

1976 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील चाउचिला येथे एका शाळेच्या बसमधील 26 मुलांचे चालकासह अपहरण झाले. सर्वजण सुखरूप सुटले. पुढे संमोहनाखाली चालकाला अपहरणकर्त्यांच्या गाडीचा नंबर एक अक्षर वगळता आठवला. यामुळे पोलीस तपासात संमोहनाचा मोठा गाजावाजा झाला.

परंतु एका उदाहरणावरून नियम बनत नाही. 1983 साली कॅनडातील संशोधकांनी 54 जणांना 60 चित्रे दाखवली आणि आठवडाभर ती आठवायला लावली. त्यानंतर काहींना संमोहित केले. संमोहित लोकांनी इतरांपेक्षा दुप्पट नवी चित्रे सांगितली, पण चुकाही तिप्पट केल्या!

त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात सहज संमोहित होणाऱ्या 27 जणांना सुचवण्यात आले की, गेल्या आठवड्यात एका रात्री तुम्हाला मोठ्या आवाजाने जाग आली होती. संमोहन उतरल्यावरही 13 जण ही घटना खरीच घडली असे मानत राहिले. संमोहनाने आठवण वाढते असे वाटते, पण खरे तर बोलण्याचे धाडस आणि खात्री वाढते.

याचे कारण असे की स्मृती ही टेपरेकॉर्डरची कॅसेट नाही. आपण आठवतो तेव्हा मन ती गोष्ट पुन्हा रचते आणि रिकाम्या जागा अंदाजाने भरते.

न्यायालयातील प्रश्न

हा विषय केवळ परीक्षेचा नाही. 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात मेंदूतील 'अनुभवाची स्मृती' यंत्राने ओळखल्याचा अहवाल पुरावा म्हणून धरला गेला व आरोपींना जन्मठेप झाली. हे संमोहन नव्हते, पण आठवण जशीच्या तशी बाहेर काढता येते हा समज तोच. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी' खटल्यात निर्णय दिला की नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी कोणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही.

घरातही हे लागू आहे. दागिना हरवला की आपण लहान मुलाला विचारतो, "कामवाल्या बाईंना कपाटाजवळ पाहिलेस ना?" दहा वेळा विचारल्यावर मूल 'हो' म्हणते आणि मग त्याला ते दिसल्यासारखेही वाटू लागते. एका गरिबाची अब्रू अशा प्रश्नाने जाऊ शकते. म्हणून "तू काय पाहिलेस?" एवढेच विचारावे आणि उत्तर त्याच्या तोंडी घालू नये.

मग अभ्यास कसा करावा?

पालकहो, शिबिराची फी वाचवा. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवून दिले की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो. घोकंपट्टी नको. वाचा, पुस्तक मिटा, लिहा, तपासा. दोन दिवसांनी पुन्हा तेच करा. रात्री पुरेशी झोपही घ्या.

वर्गात करून पाहा

शिक्षकांनी हे शब्द सावकाश वाचावेत : खाट, उशी, रात्र, जांभई, स्वप्न, चादर, घोरणे, अंगाई, पांघरूण, डुलकी. पाच मिनिटांनी मुलांनी ते आठवून लिहावेत. किती जणांनी 'झोप' हा शब्द लिहिला ते मोजा. तो यादीत नाहीच!

विचार करा

1. एखादी गोष्ट खात्रीने सांगितली म्हणजे ती खरी असते का?
2. साक्षीदाराला प्रश्न कसे विचारावेत?
3. 'झोप' हा शब्द न ऐकताही का आठवला?

उत्तरे आपल्या शब्दांत लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.

— प्राचार्य