मे महिन्यात सॉफ्टवेअर आणावं का?

प्रश्न : कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर केलंय. मे महिन्यात आणतोय. विक्री, प्रशिक्षण आणि मदतीच्या फोनवरची मुलं कशी तयार करू? – एक वाचक, विंचूर

उत्तर : आधी महिना बदला. मे म्हणजे उन्हाळ कांद्याची आवक; तेव्हा मुनीमजींना मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीत लिलाव बंद असतात, तेव्हा शिकवा. आणि सुरुवात छोटी ठेवा. ई-नाम हा देशव्यापी ऑनलाइन शेतमाल बाजारसुद्धा १४ एप्रिल २०१६ रोजी २१ बाजारांतूनच सुरू झाला. तुम्ही विंचूर उपबाजारातले मोजके गाळे घ्या, लासलगावचा मुख्य बाजार नंतर.

फोनवरच्या मुलांना विक्रीआधी पूर्ण लिलावाचा दिवस मुनीमजींशेजारी बसवा. हे टाळूच नका! दर, सुविधा आणि अजून न जमणाऱ्या गोष्टी एकाच कागदावर लिहून तिन्ही गटांना द्या. कागदावर नाही ते विक्रेत्याने कबूल करू नये. पट्टी अडली, तर शेतकरी ट्रॅक्टरसह ताटकळतो. म्हणून पहिले आठवडे छापील पट्टीपुस्तकही गाळ्यावर राहू द्या.