चित्रपट थिएटरात की घरी?

2004 सालचा 'श्वास' हा संदीप सावंत यांचा चित्रपट आम्ही दोनदा पाहिला. 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ मिळवणारा हा पहिला मराठी चित्रपट. कोकणातल्या लहानग्या परशाचे डोळे कर्करोगामुळे काढावे लागणार असतात; शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला इस्पितळाबाहेर नेऊन जग दाखवतात. थिएटरात त्या वेळी कोणी हलेना. शेजारची अनोळखी बाई पदराने डोळे पुसत होती. घरी मोबाईलवर नेमकी तिथेच कुकरची शिट्टी झाली. आम्ही चित्र थांबवले, चहा घेतला. परशाला ती सोय नव्हती! घरी स्वस्त पडते, शिरगावहून जायचे म्हणजे बसभाडेही आले, हे पालकांचे म्हणणे खरे. तेव्हा विश्वस्तांनी वर्षातून एक चित्रपट शाळेतच मोठ्या पडद्यावर दाखवावा. मोबाईल मात्र बाहेर, आमचेसुद्धा.