विमान किती वाजता पोचणार?

जानेवारीत दादा लंडनला गेला. तिकिटावर मुंबईहून सुटणार दुपारी २, पोचणार संध्याकाळी ६.३०. पिंपळगाव बसवंतला आजी साडेसहापासून फोनला चिकटून!

मित्रहो, साडेचार तासांत लंडन कसं येईल? पृथ्वीच्या गोलावरून हे अंतर साधारण ७,२०० किमी. (नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, चुकेल.) विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे ८ तास. पण जाताना उंचावरचे पश्चिमी वारे समोरून येतात, वाटही थोडी वाकडी, म्हणून जवळजवळ १० लागतात. येताना तेच वारे मागून ढकलतात, तासभर वाचतो. आणि पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची, हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे आपले रात्रीचे १२!

हॉस्टेलवरून फोन करून हे सगळं समजावलं, तोवर आजी जेवलीच नव्हती. म्हणाली, "मग तिकिटावर बारा का नाही लिहीत मेले?"